टेनिसचा चेंडू: हवा निघून जाते, रबर उरतं

टेनिस चेंडूंचा नवा डबा उघडला की 'फुस्स' असा आवाज येतो. खेळाडूंना हा आवाज आवडतो, कारण तो ताज्या मालाची खूण असते. चेंडूच्या आयुष्याची उलटी मोजणीही त्याच क्षणी सुरू होते. उघडलेल्या डब्यातला चेंडू एकदाही न खेळता कपाटात पडून राहिला, तरी काही आठवड्यांत त्याची उसळी मंदावते आणि पुढे तो पूर्ण डेड होतो. लोकर शाबूत, रबर शाबूत, रंगही तसाच. मग तो टाकला जातो. जगभरात असे चेंडू दरवर्षी 30 कोटींहून अधिक बनतात. एका चेंडूचं वजन 57 ग्रॅम धरलं तर हा माल 17 हजार टनांच्या आसपास भरतो, आणि त्यातला बहुतेक शेवटी कचऱ्याच्या ढिगात जातो.

याचं खापर खेळाडूंच्या उधळेपणावर फोडणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. चेंडू कसा बनतो ते नीट पाहिलं, तर त्याचं टाकाऊ होणं त्याच्या रचनेतच कसं आहे ते दिसतं. रबराच्या ज्या गुणामुळे चेंडू उसळतो, त्याच गुणामुळे त्यातली हवा निसटते. म्हणून या प्रश्नावरचं उत्तरही आधी हवेपाशी शोधायला हवं. जुन्या चेंडूंचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

नियम काय मागतो

कारखान्यातली सगळी यंत्रणा खेळाच्या नियमाभोवती उभी आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या नियमानुसार नेहमीच्या चेंडूचं वजन 56 ते 59.4 ग्रॅम आणि व्यास 6.54 ते 6.86 सेंटिमीटर असावा लागतो. तो 254 सेंटिमीटर उंचीवरून कठीण, सपाट जमिनीवर सोडला की 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. दाबल्यावर तो किती चेपावा, याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. समुद्रसपाटीपासून 1219 मीटरपेक्षा उंचावर हवा विरळ असते आणि नेहमीचा चेंडू आवरत नाही, म्हणून तिथल्यासाठी वेगळे चेंडू नियमातच सांगितले आहेत.

हा पट्टा फार अरुंद आहे. रबराचा भरीव चेंडू करायचा तर तो जड होतो. पोकळ केला तर वजन आटोक्यात येतं, पण पातळ रबर एकट्याच्या बळावर एवढी उसळी देऊ शकत नाही. म्हणून आत दाबाखाली हवा कोंडतात. बाहेरच्या वातावरणापेक्षा हा दाब दर चौरस इंचाला सुमारे 12 पौंड जास्त असतो, म्हणजे एकूण दाब बाहेरच्या 1.8 पटीच्या आसपास जातो. रॅकेटचा फटका बसतो तेव्हा चेंडू जेमतेम पाच हजारांश सेकंद तारांना टेकलेला असतो आणि तेवढ्यात तो चांगलाच चपटा होतो. चेपलेलं रबर घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपात घालवून बसतं. कोंडलेली हवा मात्र जवळपास सगळी ऊर्जा परत देते. आपण ज्याला चेंडूचा 'जिवंतपणा' म्हणतो, त्यातला मोठा वाटा या हवेचा असतो.

चेंडू कापून पाहिला तर

जुना चेंडू व्हाइसमध्ये धरून बारीक दातांच्या करवतीने कापावा. सगळ्यात वर लोकर आणि नायलॉनचा केसाळ थर, त्याखाली त्या केसांना धरून ठेवणारं विणलेलं सुती कापड, मग गोंदाचा थर आणि त्याच्या आत सुमारे तीन मिलिमीटर जाडीची रबरी भिंत. आतून चेंडू रिकामा असतो. मधोमध एक बारीक कंगोरा गोल फिरलेला दिसतो. रबराच्या दोन वाट्या तिथे एकमेकींना जोडलेल्या असतात.

आता पक्कड घेऊन वरचं कापड सोलायचा प्रयत्न करावा. ते सालीसारखं निघत नाही. कुठे नुसते केस हातात येतात, कुठे कापड फाटतं, कुठे रबराचा पापुद्रा कापडालाच चिकटून येतो. एका चेंडूचं कापड हाताने पूर्ण वेगळं करायला इतका वेळ लागतो, की असे हजारो चेंडू सोलण्याचा विचारही नको वाटतो. पुनर्वापराचं गाडं कुठे अडतं, ते या पक्कडीच्या टोकाशी कळतं.

दोन वाट्यांचा एक गोळा

चेंडूचा गाभा नैसर्गिक रबराचा असतो. रबराच्या झाडाचा चीक गोठवून, वाळवून त्याचे गठ्ठे करतात आणि ते कारखान्यात येतात. नुसतं रबर मऊ आणि चिकट असतं. त्यात चिकणमाती, सिलिका, मॅग्नेशियम कार्बोनेट, झिंक ऑक्साइड आणि गंधक मिसळून ते जाड रोलरांखाली मळलं जातं. माती आणि सिलिकामुळे रबराला कणखरपणा येतो. गंधक पुढच्या टप्प्यात, उष्णता मिळाल्यावर कामाला लागतं आणि झिंक ऑक्साइड त्याला मदत करतं.

मळलेल्या रबराच्या छोट्या गोळ्या पाडून साच्यात ठेवतात आणि सुमारे 150 अंश सेल्सिअस तापमानाला काही मिनिटं दाबतात. त्यातून अर्धगोल वाट्या निघतात. याच वेळी रबराचं व्हल्कनायझेशन होतं. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. गंधक या साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी जोडतं. त्यामुळे ताणलं तरी रबर तुटत नाही आणि सोडलं की मूळ आकारात परत येतं. चार्ल्स गुडइयर यांना 1844 मध्ये या प्रक्रियेचं पेटंट मिळालं. उसळणारे रबरी चेंडू त्यानंतरच भरवशाचे झाले, आणि 1870 च्या दशकात गवतावरचं टेनिस रुजलं ते या रबरामुळेच.

वाट्यांच्या कडा घासून त्यांना रबरी गोंद लावतात. आता खरं कौशल्याचं काम येतं. दोन वाट्या जोडायच्या आणि त्याच वेळी आत दाबाखाली हवा कोंडायची. आज बहुतेक कारखान्यांत हे काम दाबयंत्रातच होतं. यंत्र बंद होताना त्यात दाबाची हवा सोडतात, त्या हवेतच वाट्या एकमेकींवर मिटतात आणि उष्णतेने कडा पक्क्या होतात. जुनी पद्धत मला अधिक देखणी वाटते. जोडण्याआधी वाटीत सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड थोड्या पाण्यासह ठेवायचं. वाट्या मिटून तापल्या की दोघांची प्रक्रिया होऊन आतल्या आत नायट्रोजन वायू तयार होतो, आणि मागे उरतं ते साधं मीठ आणि पाणी. पंप नाही, झडप नाही, चेंडू स्वतःच स्वतःला फुगवतो.

तयार गाभ्याचा पृष्ठभाग खरखरीत करून त्याला गोंद लावतात. मग येतं वरचं कापड, ज्याला फेल्ट म्हणतात. चांगल्या चेंडूचं फेल्ट लोकर आणि नायलॉन मिसळून, सुती धाग्यावर विणलेलं असतं; स्वस्त चेंडूंत न विणता, सुयांनी गुंतवलेलं फेल्ट वापरतात. लोकरीमुळे मऊपणा आणि फुगीरपणा येतो, नायलॉनमुळे झीज सोसते. फेल्टचं काम शोभेपुरतं नाही. त्याचे केस हवेला अडवून चेंडूचा वेग आवरतात, आणि तारांना त्यावर पकड मिळते म्हणून चेंडूला फिरकी देता येते. फेल्ट झिजून गुळगुळीत झालेला चेंडू हवेतून अधिक वेगाने जातो, हे नियमित खेळणाऱ्यांना माहीत असतं.

फेल्टचे डंबेलच्या आकाराचे तुकडे कापून त्यांची चळत लावतात आणि त्या चळतीच्या कडा रबरी द्रावणात बुडवतात. असे दोन तुकडे गाभ्यावर एकमेकांत गुंतवून बसवले की गोळा पूर्ण झाकला जातो. चेंडूवरची पांढरी वळणदार रेघ अनेकांना टाक्यांची शिवण वाटते, पण तिथे टाका एकही नसतो. कडांना लागलेलं रबर साच्यात तापून एकजीव होतं, तीच ती रेघ. शेवटी चेंडूंवर वाफ सोडतात, त्याने दबलेले केस उभे राहतात. मग छाप मारून चेंडू दाबाच्या डब्यात बंद होतात. डब्यातला दाब चेंडूच्या आतल्या दाबाइतकाच ठेवलेला असतो, त्यामुळे डबा बंद असेपर्यंत हवेला बाहेर पडायचं कारण उरत नाही. असे दाबाचे डबे 1920 च्या दशकात आले.

रंगाचं थोडक्यात सांगतो. चेंडू पूर्वी पांढरा असे. टीव्हीच्या पडद्यावर नीट दिसावा म्हणून आयटीएफने 1972 मध्ये पिवळा चेंडू आणला. विम्बल्डनने पांढरा चेंडू सोडला तो 1986 मध्ये.

हवा नेमकी कुठून जाते

जाते ती भिंतीतूनच. जोड उत्तम असला, कुठे छिद्र नसलं, तरी जाते.

नेहमीच्या तापमानाला रबराच्या साखळ्या स्थिर नसतात. त्या सतत वळवळत असतात, आणि त्या वळवळीमुळेच रबर झटकन चेपतं आणि झटकन पूर्ववत होतं. पण साखळ्या हलल्या की त्यांच्यामध्ये क्षणभर सूक्ष्म पोकळ्या उघडतात. हवेचे रेणू आतल्या बाजूने रबरात मुरतात, एका पोकळीतून दुसरीत असं सरकत जातात आणि बाहेरच्या बाजूने निसटतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेपर्यंत हे चालू राहतं. ऑक्सिजन यात नायट्रोजनपेक्षा लवकर पार होतो.

मग हवा धरून ठेवणारं दुसरं रबर का वापरत नाहीत? तसं रबर आहे. ब्युटाइल रबरातून हवा कित्येक पटींनी सावकाश झिरपते, म्हणूनच टायरच्या ट्यूबा आणि ट्यूबलेस टायरचं आतलं अस्तर त्याचं करतात. पण ब्युटाइलच्या साखळ्या सुस्त असतात. त्या हवेला अडवतात आणि त्याच सुस्तीपायी उसळीही खाऊन टाकतात. ब्युटाइलचा गोळा जमिनीवर टाकला तर तो धप्पकन बसतो. हवा रोखायची की उसळायचं, यातलं एक निवडा, असा हा पेच आहे.

मग रबर तेच ठेवून वायू बदलण्याचाही प्रयत्न झाला. काही चेंडूंत सल्फर हेक्झाफ्लोराइड भरलं गेलं. याचे रेणू मोठे असल्याने ते रबरातून सहज निसटत नाहीत. हवामानबदलावर काम करणाऱ्या आयपीसीसीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत या वायूच्या वापराच्या ठिकाणांमध्ये गाड्यांचे टायर, खेळाच्या बुटांचे तळवे आणि टेनिसचे चेंडू यांची नोंद आहे. अडचण अशी, की माहीत असलेल्या हरितगृह वायूंमध्ये हा सगळ्यात तीव्र मानला जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 23 हजार पटींच्या आसपास उष्णता अडवतो, आणि चेंडू फुटला की तो वातावरणातच जाणार. चेंडू जास्त टिकवण्याचा प्रत्येक उपाय पर्यावरणाच्या भल्याचाच असतो असं नाही, हे यावरून पक्कं ध्यानात राहतं.

81 हजार किलोमीटर

वॉरिक बिझनेस स्कूलचे मार्क जॉन्सन यांनी 2014 मध्ये विम्बल्डनच्या चेंडूचा प्रवास मांडला. स्लॅझेंजर कंपनी 1902 पासून विम्बल्डनला चेंडू पुरवते. पूर्वी हे चेंडू इंग्लंडमध्येच, बार्न्सलीच्या कारखान्यात बनत. 2002 मध्ये ते काम फिलिपिन्समधल्या बताआनला गेलं. जॉन्सन यांच्या मांडणीत चिकणमाती अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातून येते, सिलिका ग्रीसमधून, मॅग्नेशियम कार्बोनेट जपानमधून, झिंक ऑक्साइड थायलंडमधून, गंधक दक्षिण कोरियातून आणि रबर मलेशियातून. लोकर न्यूझीलंडची, ती आधी इंग्लंडमधल्या स्ट्राउडला जाते, तिथे तिचं फेल्ट होतं आणि ते फेल्ट बताआनला येतं. तयार चेंडू पुन्हा लंडनला. सगळ्या मालाचा मिळून प्रवास 81 हजार किलोमीटरहून जास्त भरतो, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या.

हा आकडा ऐकून धक्का बसतो, पण तो जपून वाचायला हवा. हे अंतर वेगवेगळ्या घटकांच्या प्रवासांची बेरीज आहे. एका चेंडूत जाणारं झिंक ऑक्साइड काही ग्रॅमांतच मोजायचं असतं, आणि जहाजाने गेलेल्या मालामागे होणारं उत्सर्जन विमानाच्या तुलनेत फारच थोडं असतं. किती किलोमीटर, यापेक्षा काय, किती आणि कशाने गेलं हे महत्त्वाचं ठरतं. माझ्या मते या आकड्यातून दुसरीच गोष्ट शिकायची आहे. इतक्या देशांतून गोळा केलेला माल स्पर्धेत नऊ गेम खेळून बाजूला होतो. विम्बल्डनमध्ये पहिली बदली सात गेमनंतर होते, कारण सरावाचे फटकेही धरले जातात; पुढे दर नऊ गेमनंतर. एका स्पर्धेत सुमारे 55 हजार चेंडू लागतात. ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास जपून ठेवले जातात, कारण थंडीत आतल्या हवेचा दाब उतरतो आणि चेंडू जड वाटतो.

चेंडूचा भार झाडापासूनच सुरू होतो. 2023 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या उपग्रह-अभ्यासानुसार आग्नेय आशियात 1993 पासून रबराच्या लागवडीसाठी 40 लाख हेक्टरहून जास्त जंगल गेलं. यात टेनिसचा वाटा किती, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जगात दरवर्षी सुमारे 1 कोटी 40 लाख टन नैसर्गिक रबर निघतं आणि त्यातला मोठा हिस्सा टायरांना लागतो. चेंडूंचं सगळं वजन रबराचंच धरलं तरी ते हजारात एक-दीड भागाच्या पुढे जात नाही. टेनिस बंद करून जंगल वाचणार नाही. पण चेंडू उद्योग लहान असल्याने, आपलं रबर कुठल्या बागेतून येतं हे त्याला टायर उद्योगापेक्षा सहज शोधता येईल, आणि ते त्याने शोधावं.

कारखान्यातला जो भाग सहसा चर्चेत येत नाही तो गोंदाचा. रबरी गोंद पातळ करायला पेट्रोलियममधून निघणारी द्रावकं वापरली जातात. ती वाळताना हवेत उडतात, कामगारांच्या श्वासात जातात आणि बाहेरच्या हवेत ओझोन वाढवायला हातभार लावतात. ही वाफ पकडून परत द्रव करता येते, पाण्यावर आधारलेले गोंदही आहेत. कुठल्या कारखान्यात काय वापरतात, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

टाकल्यावर

व्हल्कनायझेशन झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. प्लास्टिकची बाटली वितळवून नवी करता येते. रबरात मात्र गंधकाचे बंध पक्के बसलेले असतात, उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही तसं. हे बंध तोडण्याच्या पद्धती आहेत, पण त्या खर्चिक आहेत आणि त्यातून मिळणारं रबर मूळच्या ताकदीचं नसतं. सूक्ष्मजीवही या रबराला सहसा हात लावत नाहीत. फेल्टमधली लोकर आणि सुती धागे कालांतराने कुजतात, नायलॉन राहतं. त्याचे तंतू चेंडू वापरात असतानाच गळत असतात. कोर्टाच्या कडेला वाऱ्याने जमलेला पिवळा भुसा हा याच तंतूंचा, आणि पाऊस आला की तो गटारात जातो.

त्यामुळे सध्या पुनर्वापर म्हणजे बहुतेक वेळा चेंडू दळणं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रिसायकलबॉल्स ही संस्था क्लबांकडून जुने चेंडू गोळा करते आणि यंत्राने फेल्ट वेगळं करून रबराचा भुगा काढते. तो भुगा कोर्टाच्या खालच्या थरात वापरता येतो. फ्रान्सच्या टेनिस महासंघाचा 'ओपेरासियाँ बाल जोन', म्हणजे पिवळ्या चेंडूंची मोहीम, याच वाटेची आहे. तिथे सुमारे 40 हजार चेंडूंपासून 100 चौरस मीटरची खेळाची जमीन होते. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचे काही जुने चेंडू भोक पाडून, काठीवर बसवून शेतउंदरांसाठी घरटी म्हणून दिले गेले होते. कल्पना गोड आहे आणि उंदरांना शिकारी पक्ष्यांपासून आसरा मिळतो, पण कोट्यवधी चेंडूंपुढे ती किती पुरणार?

दळण्याबद्दल माझा एक आक्षेप आहे. भुगा गोंदात बांधून कोर्टाच्या थरात कोंडला असेल तर ठीक. पण तो मोकळा पसरला, तर आपण एक मोठा, उचलता येणारा कचरा लाखो न उचलता येणाऱ्या कणांत बदलतो. युरोपीय संघाने 2023 मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात कृत्रिम गवतात पसरायच्या भुग्याचाही समावेश आहे. आठ वर्षांच्या मुदतीनंतर त्याची विक्री थांबणार आहे. शिवाय रबराच्या भुग्यातून पावसाबरोबर झिंक ऑक्साइडमधलं जस्त झिरपतं आणि ते जलचरांना घातक असतं. 'पुनर्वापर होतो' एवढ्यावर समाधान मानण्याआधी भुगा कुठे गेला हे विचारायला हवं.

हवा टिकवण्याचे मार्ग

म्हणूनच मला हवा टिकवणारे किंवा हवेशिवाय चालणारे उपाय जास्त मोलाचे वाटतात.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे दाबाची नळी. झाकण घट्ट लावता येईल अशा नळीत चेंडू ठेवायचे आणि पंपाने आत हवा भरायची. बाहेरचा दाब चेंडूच्या आतल्या दाबाइतका झाला की गळती थांबते. त्याहून थोडा वाढवला आणि पुरेसे दिवस ठेवला, तर हवा त्याच रबरी भिंतीतून उलट आत मुरते आणि मंदावलेला चेंडू पुन्हा उसळू लागतो. ज्या वाटेने हवा गेली त्याच वाटेने ती परत येते. फेल्ट झिजलेलं असेल तर मात्र याचा उपयोग नाही, त्यामुळे खेळ संपला की चेंडू लगेच नळीत गेले पाहिजेत. महिनाभर पिशवीत ठेवून मग आठवण झाली, तर हवा परत यायला बराच वेळ लागतो.

दुसरा मार्ग बिनदाबाच्या चेंडूचा. यात आत जादा दाब नसतो, भिंत जाड असते आणि उसळी रबरच देतं. हवा जाण्याचा प्रश्नच नसल्याने असा चेंडू फेल्ट झिजेपर्यंत चालतो आणि त्याला दाबाचा डबाही लागत नाही. पण तो हाताला कडक लागतो, कोपर दुखणारे खेळाडू त्याच्यापासून लांब राहतात. सरावाच्या टोपलीत, चेंडू फेकणाऱ्या यंत्रात तो उत्तम चालतो. क्लबांचे बहुतांश चेंडू सरावातच संपतात, त्यामुळे निदान तिथे तरी त्याला पहिली पसंती मिळायला हवी.

तिसरा मार्ग पदार्थ बदलण्याचा. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्सन कंपनीने 'डबल कोअर' नावाचा चेंडू आणला. त्यात नैसर्गिक रबराच्या भिंतीला आतून ब्युटाइल रबराचा पातळ थर होता आणि त्या थरात खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळलेले होते. हवेच्या रेणूला सरळ पार होता येत नाही, प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालत जावं लागतं. उसळी नैसर्गिक रबराची आणि रोखण्याचं काम ब्युटाइलचं, अशी ती विभागणी होती. वर मांडलेल्या पेचावरचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात हुशार उत्तर. त्याच कंपनीने 2019 मध्ये 'ट्रिनिटी' हा चेंडू आणला. त्याच्या गाभ्यात वेगळ्या प्रकारचं लवचीक प्लास्टिक वापरलेलं असल्याने हवा जास्त काळ टिकते, आणि तो दाबाच्या डब्याऐवजी कागदी वेष्टनात विकता येतो. नेहमीच्या डब्यात प्लास्टिकची नळी, धातूची ओढून काढायची कडी आणि वर आणखी एक प्लास्टिकचं झाकण असतं. तीन वस्तू, तीन चेंडूंसाठी. तो सगळा कचरा यात वाचतो.

तरीही हे चेंडू अपवादच राहिले आहेत, आणि त्याचं एक कारण पुन्हा नियमातच आहे. आयटीएफच्या मान्यतेसाठी चेंडूची टिकाऊपणाची चाचणी होते, पण ती नऊ गेमच्या खेळाची नक्कल करते. तेवढ्या झिजेनंतर वजन, आकार आणि उसळी फार बदलली नाही, की चेंडू पास. डब्याबाहेर महिनाभर राहिल्यावर त्याचं काय होतं, हे ही चाचणी पाहत नाही. स्पर्धांसाठी ते ठीक आहे, कारण तिथे चेंडू नऊ गेमनंतर बदलायचाच असतो. पण 30 कोटी चेंडूंतले फारच थोडे मोठ्या स्पर्धांत जातात. बाकीचे सामान्य खेळाडू विकत घेतात, आठवड्यातून एक-दोनदा खेळतात, आणि त्यांना हवा असतो महिनोन्‌महिने चालणारा चेंडू.

नियम बदलता येतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत आयटीएफने 2012 पासून लाल, नारिंगी आणि हिरवे असे संथ चेंडू सक्तीचे केले, आणि काही वर्षांत जगभरच्या प्रशिक्षणात ते रुळले. चेंडूंच्या टिकाऊपणासाठीही तसंच करता येईल. डबा उघडल्यानंतर 30 आणि 90 दिवसांनी 254 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू किती उसळतो, हे मोजावं आणि ते दोन आकडे डब्यावर छापणं बंधनकारक करावं. मोजणारी यंत्रणा लंडनमधल्या रोहॅम्प्टनमध्ये आयटीएफच्या प्रयोगशाळेत आधीच आहे, आणि या चाचणीला उंची मोजण्यापलीकडे फारसं काही लागत नाही.